ट्रायपॉड असूनही हललेलं चित्र: एका नृत्यप्रयोगाच्या चित्रणाचा प्रकरण अभ्यास

एका नृत्यसंस्थेने आपल्या कार्यक्रमाचं चित्रण दोन प्रयोगांत करायचं ठरवलं होतं. कार्यक्रम तोच, सभागृह तेच, कॅमेराही तोच. पहिल्या प्रयोगात काही हुकलं तर दुसऱ्यातला तेवढा भाग जोडून घ्यायचा, असा हिशेब. कॅमेरा सभागृहाच्या अगदी मागे, मधोमध. फुल-फ्रेम सेन्सर, ७०-२०० मिमीची झूम लेन्स, ४के चित्रण, सेकंदाला २५ फ्रेम. खाली व्हिडिओसाठीच बनवलेला ट्रायपॉड आणि त्यावर फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा सावकाश फिरवता येईल असं द्रव भरलेलं डोकं. म्हणजे सामानात खोट काढावी असं काही नव्हतं.

तरीही पहिल्या प्रयोगाचं फुटेज मोठ्या पडद्यावर लावल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. पूर्ण रंगमंच दिसणाऱ्या रुंद फ्रेममध्ये सगळं ठीक होतं. पण नर्तकीच्या चेहऱ्यावर किंवा पावलांवर झूम केलं की चित्र थरथरायचं. पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, सुरू होताना आणि संपताना हिसका बसायचा. एका लांब एकल नृत्यात तर फ्रेम नकळत खाली घसरत गेली होती आणि शेवटी नर्तकीच्या डोक्यावरची मोकळी जागा संपून केसच कापले गेले होते.

चमूचं निदान तयार होतं: ट्रायपॉड हलका पडला, दुसऱ्या प्रयोगासाठी जड भाड्याने आणू. फुटेज माझ्याकडे आलं तोवर फोनाफोनीही सुरू झाली होती. जड ट्रायपॉड हा रामबाण उपाय समजला जातो, आणि वारा असेल किंवा कॅमेरा वजनदार असेल तर तो खरोखर कामाला येतो. इथे मात्र बंद सभागृह होतं, वारा नव्हता, आणि ट्रायपॉडची क्षमता वरच्या वजनाला पुरून उरत होती. म्हणून आधी हलणं नेमकं कुठून येतंय ते शोधू, मग काय आणायचं ते ठरवू, असं मी सुचवलं. प्रयोगांमध्ये काही दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे हे शक्य झालं.

फुटेज काय सांगत होतं

हललेलं फुटेज नुसतं पाहून उपयोग नसतो, ते एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावं लागतं. मागच्या पडद्यावर एका दाराच्या चौकटीचं नेपथ्य होतं. तिची उभी कड आणि वरचा कोपरा या न हलणाऱ्या खुणा धरून आम्ही फ्रेम मोजायला घेतल्या.

सगळ्यात त्रासदायक थरथर वर-खाली होती. चौकटीचा कोपरा वर जाऊन पुन्हा खाली येईपर्यंत चारेक फ्रेम जात होत्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण सहा हेलकावे. एवढ्या एका आकड्यावरून बरंच कळतं. हात लागल्याने ट्रायपॉडचे पाय दणकतात तेव्हाचं कंपन सहसा याहून जलद असतं आणि लगेच विरतं. इथे संथ हेलकावा होता, दोन-तीन सेकंद चालायचा, थांबायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा.

पहिला संशय अर्थातच नर्तिकांच्या पावलांवर होता. रंगमंचावर पंधरा-वीस जणी एकदम पाय आपटतात, ते कंपन जमिनीतून कॅमेऱ्यापर्यंत येत असेल, असं दिग्दर्शिकेचं म्हणणं. तर्क चुकीचा नव्हता. पण फुटेज वेगळंच सांगत होतं. सर्वात जोरकस पदन्यासाच्या भागात चौकट जागची हलली नव्हती, आणि एका शांत विलंबित भागात ती चांगलीच डोलत होती.

उत्तर आवाजात सापडलं. कार्यक्रमाचा आवाज थेट साउंड मिक्सरमधून घेतला असल्याने कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मायक्रोफोनवर काय आलंय ते कुणी ऐकलंच नव्हतं. तो ट्रॅक मोठा करून ऐकला तर प्रत्येक थरथरीच्या आधी लाकडाची करकर ऐकू येत होती. करकर, करकर, आणि लगेच चित्र डोलायला लागायचं. कॅमेऱ्याच्या आसपास कुणीतरी चालत होतं.

कॅमेरा होता लाकडी लेव्हलवर, म्हणजे फळ्यांच्या सुट्या चौथऱ्यांवर. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून रंगमंच दिसावा म्हणून सभागृहाच्या मागच्या बाजूला वीतभर-दोन वीत उंचीच्या लेव्हल जोडून एक मोठं व्यासपीठ केलेलं होतं. त्यावर कॅमेरा, शेजारी साउंड मिक्सर, पलीकडे प्रकाशयोजनेचं टेबल. साउंड सांभाळणारा तरुण मधूनमधून उठून प्रकाशवाल्याकडे जात होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याचं कामच ते होतं.

दीड कागदाची जाडी

तीन पायांचा फायदा सर्वांना माहीत असतो: तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, त्यामुळे जमीन कितीही खडबडीत असली तरी तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की तिन्ही पाय जमिनीला घट्ट धरून असतात, आणि जमीन जे करेल ते कॅमेऱ्यापर्यंत इमानेइतबारे पोचवतात. ट्रायपॉड हाताचं हलणं काढून टाकतो. जमिनीचं हलणं तो काढू शकत नाही.

किती हललं तर चित्रात दिसतं, हे चमूला पटवायला मी कागदावर हिशेब मांडला. तो इथेही मांडतो, कारण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. त्यावर २०० मिमी फोकल लेंथला, म्हणजे झूम पूर्ण जवळ आणल्यावर, आडवा दृष्टिकोन (फ्रेममध्ये मावणारा कोन) सुमारे १०.३ अंश भरतो. ४के फ्रेमच्या रुंदीत ३८४० पिक्सेल, म्हणजे एका अंशाला सुमारे ३७० पिक्सेल. कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका कलला तरी चित्र जवळपास ४ पिक्सेल सरकतं. तोच कॅमेरा ३५ मिमी लेन्सवर असता तर दृष्टिकोन सुमारे ५४ अंश आणि तेवढ्याच कलण्याने सरकणं एका पिक्सेलहूनही कमी. रुंद फ्रेममध्ये काही दिसलं नाही आणि झूम केल्यावर दिसलं, ते यामुळे. हलणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आता एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर किती? ट्रायपॉडचे पाय एकमेकांपासून मीटरभर अंतरावर टेकलेले असतील आणि त्यातला एकच पाय ०.१५ मिमी खाली गेला, तर कॅमेरा साधारण तेवढा कलतो. ०.१५ मिमी म्हणजे छपाईच्या साध्या कागदाची दीडपट जाडी. लाकडी फळीवरून माणूस चालत गेला तर ती यापेक्षा कितीतरी जास्त दबते.

हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. रंगमंच कॅमेऱ्यापासून २० मीटरवर असेल तर २०० मिमीला तिथली ३.६ मीटर रुंदी फ्रेममध्ये बसते. अख्खा कॅमेरा न कलता सरळ १ मिमी वर-खाली झाला तर चित्र जेमतेम एक पिक्सेल सरकतं. म्हणजे दूरच्या चित्रणात कॅमेरा उचलला किंवा दबला जाणं फारसं घातक नाही, घातक आहे ते कलणं. तिन्ही पाय एकाच फळीवर असते आणि ती सगळी एकदम दबली असती, तर इतका त्रास झाला नसता.

सभागृहात गेल्यावर पाहिलं तर मागचे दोन पाय एका लेव्हलवर आणि पुढचा पाय शेजारच्या लेव्हलवर, तोही जोडाच्या अगदी कडेला. दोन लेव्हल एकमेकींना बांधलेल्या होत्या, पण बांधणीत फट होती. जाण्या-येण्याची वाट नेमकी त्या पुढच्या लेव्हलवरून जात होती. कॅमेरा २०० मिमीवर ठेवून, स्क्रीनवर चित्र आणखी मोठं करून, चौकटीच्या कोपऱ्यावर फ्रेम लावली आणि त्या तरुणाला नेहमीसारखं चालायला सांगितलं. कोपरा लगेच डोलू लागला. त्याला मागच्या लेव्हलवरून चालवलं तर हलणं निम्म्याहून कमी. तो जमिनीवर उतरून लेव्हलच्या बाजूने चालला तर कोपरा स्थिर. एवढ्यावर कारण निश्चित झालं.

लाकडी जमिनीचं हे वागणं बांधकामाच्या शास्त्राला नवीन नाही. लाकडी बांधकामाचं युरोपीय मानक युरोकोड ५ घरातल्या लाकडी जमिनीची मूळ कंपनगती ८ हर्ट्झ (सेकंदाला ८ कंपनं) किंवा त्याहून कमी असेल तर तिची खास तपासणी करायला सांगतं, कारण अशी जमीन चालणाऱ्यांना जाणवेल इतकी हलते. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण प्रत्येक पाऊल हा धक्का असतो आणि धक्क्यात दुप्पट-तिप्पट गतीची कंपनंही दडलेली असतात. फळीची स्वतःची गती सहाच्या आसपास असेल तर पावलातला हा तिप्पट गतीचा हिस्सा तिला बरोबर झुलवत राहतो. अशा ठिकाणी जड ट्रायपॉड ठेवला असता तर वाढलेल्या वजनाने फळी थोडी आणखी संथ हलली असती, इतकंच.

इतर तीन गोष्टी

घसरणाऱ्या फ्रेमचं कारण लगेच सापडलं. कॅमेऱ्याची बॉडी हेडवरच्या प्लेटवर लावली होती आणि लांब, जड लेन्स पुढे लोंबत होती. अशा मोठ्या झूम लेन्सला स्वतःची कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) असते ती यासाठीच. कॉलरला प्लेट लावली की वजनाचा मध्य हेडच्या वर येतो. इथे ती कॉलर काढून बॅगेत ठेवलेली होती. टिल्टचा, म्हणजे वर-खाली झुकवण्याचा, लॉक पूर्ण आवळलेला नव्हता आणि हेडचा काउंटरबॅलन्स (झुकलेल्या कॅमेऱ्याचं वजन तोलणारी स्प्रिंग) कमी ठेवलेला, म्हणून नाक हळूहळू खाली गेलं. तपासायची रीत सोपी आहे: लॉक सोडा, कॅमेरा थोडा पुढे झुकवून हात काढा. तो जिथे सोडला तिथेच थांबला पाहिजे. पुढे पडत असेल तर प्लेट मागे सरकवा, मग काउंटरबॅलन्स जुळवा. लॉकच्या जोरावर तोल धरून ठेवणं हा तात्पुरता इलाज आहे, लांब शॉटमध्ये तो टिकत नाही.

प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला एक झटका होता, रेकॉर्डचं बटण बोटाने दाबल्याचा. रिमोट वापरला किंवा सुरुवातीचे काही सेकंद कापायचे हे आधीच धरून चाललं की हा प्रश्न उरत नाही.

पॅनमधल्या हिसक्यावर मात्र चर्चा रंगली. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन सुरू होतं. स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याच्या हलण्याला विरोध करतं, आणि पॅन हेही एक हलणंच. सुरुवातीला यंत्रणा चित्र जागच्या जागी धरून ठेवते, मर्यादा आली की सोडते, आणि चित्र उडी मारतं. पॅन थांबल्यावर ती पुन्हा मध्यावर येते, म्हणून शेवटीही चित्र थोडं सरकतं. छायाचित्रणकाराचं म्हणणं असं की स्टॅबिलायझेशन होतं म्हणूनच फळीची थरथर इतकी तरी कमी दिसली. त्याचा मुद्दा खरा होता. हलत्या जमिनीवर स्टॅबिलायझेशनची मदत होते, आणि ट्रायपॉडवर ते सरसकट बंदच करा हा सल्ला अशा वेळी आंधळा ठरतो. पॅनसाठी वेगळा मोड असलेल्या लेन्स आहेत, काही लेन्स आपण ट्रायपॉडवर आहोत हे स्वतः ओळखतात. आम्ही दोन्ही प्रकारे चित्रण करून शेजारी-शेजारी लावलं. लेव्हलवर ‘सुरू’ चांगलं, पक्क्या जमिनीवर ‘बंद’ चांगलं. प्रश्न पुन्हा जमिनीवरच आला.

दुसऱ्या प्रयोगाची मांडणी

सभागृहाची मूळ जमीन काँक्रीटची होती, वर फरशी. तिथे ट्रायपॉड टेकवला की फळीचा प्रश्न मुळातून सुटणार, हे उघड होतं. अडचण उंचीची. लेव्हलवरून खाली उतरलं की पुढच्या रांगांतली डोकी फ्रेममध्ये येणार. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढला असता तर उंची मिळाली असती, पण मी त्याला ठाम विरोध केला. मधला दांडा पूर्ण वर काढला की तीन पायांच्या ठिकाणी एका पायावर कॅमेरा उभा राहतो, आणि पायांमुळे आलेला भक्कमपणा तिथेच संपतो.

शेवटी तोडगा निघाला तो असा: कॅमेऱ्याच्या जागची एक लेव्हल काढून टाकायची. मधोमध चौकोनी खळगा तयार होतो, त्यात ट्रायपॉड थेट जमिनीवर उभा राहतो, आणि चित्रण करणारा शेजारच्या लेव्हलवर उभा राहतो. तो हलला, वाकला, पाय बदलला तरी कॅमेऱ्याशी त्याचा संबंध फक्त हातातल्या दांडीपुरता. एक काळजी घ्यावी लागली: ट्रायपॉडचा कुठलाही पाय खळग्याच्या कडेला टेकता कामा नये. एका ठिकाणी बोटभरच अंतर उरत होतं, तिथे पाय थोडा फिरवून घेतला. पाय पूर्ण लांब केल्यावरही कॅमेरा आधीपेक्षा थोडा खाली राहिला, म्हणून आयोजकांनी समोरच्या दोन रांगांमधल्या मधल्या खुर्च्या रिकाम्या ठेवायचं कबूल केलं. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात परिणामकारक निर्णय हाच म्हणेन, आणि त्यासाठी कुठलंही उपकरण लागलं नाही.

बाकीचे बदल लहान होते. एक पाय रंगमंचाच्या दिशेने, लेन्सच्या खाली, आणि दोन पाय मागे, म्हणजे चित्रण करणाऱ्याचा पाय अडखळत नाही आणि पुढे जाणारं वजन पायावर येतं. पायांना टोकदार खिळ्यांऐवजी रबरी बूट, कारण खाली फरशी होती. गालिचा असता तर खिळेच बरे, ते गालिचा भेदून खालच्या जमिनीला टेकतात. हेड समतल करून घेतलं, नाहीतर पॅन करताना क्षितिज तिरकं होत जातं. कॅमेऱ्याचा लोंबणारा पट्टा काढला. पहिल्या वेळी खालच्या हुकाला बॅग टांगलेली होती आणि ती अधांतरी झुलत होती. वजन टांगायचंच तर ते जमिनीला हलकं टेकलेलं असावं, नाहीतर तोच लंबक होतो. इथे ते टांगलंच नाही.

ड्रॅगचा, म्हणजे हेड फिरवताना जाणवणाऱ्या विरोधाचा, ताण वाढवला. फ्लुइड हेडमधला दाट द्रव पॅनला ठराविक विरोध करतो, म्हणून हाताची छोटी कुरबूर चित्रात उतरत नाही. ताण अगदी कमी असेल तर हात जे करेल ते सगळं चित्रात दिसतं. पॅनचा वेगही ठरवून घेतला: स्थिर वस्तूला फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद लागावेत, हा सेकंदाला २४-२५ फ्रेमच्या चित्रणातला जुना अंदाज इथे चांगला लागू पडला. त्याहून जलद पॅनमध्ये मागचं नेपथ्य तुटक-तुटक उड्या मारताना दिसतं. नर्तकीबरोबर जलद जावंच लागलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा डोळा तिच्यावर असतो.

हाती काय आलं

प्रयोग सुरू होण्याआधी चौकटीच्या कोपऱ्याची तीच चाचणी पुन्हा केली. साउंडवाला तरुण लेव्हलवरून मुद्दाम जोरजोरात चालला. २०० मिमीवर कोपरा हलला नाही. चित्रण करणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला, आणि पूर्ण प्रयोगात त्याने पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त जवळचे शॉट घेतले. मला याचं फार मोल वाटतं. चित्र हलेल या भीतीने चित्रण करणारा रुंद फ्रेममध्येच अडकून राहतो, आणि मग नर्तकीच्या बोटांचं, नजरेचं, घोट्यांचं काम नोंदवलंच जात नाही.

पहिल्या प्रयोगाचं फुटेज सगळं टाकून द्यावं लागलं नाही. अंतिम चित्रफीत फुल एचडीत, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीत द्यायची होती, त्यामुळे ४के फ्रेमला चहूबाजूंनी कापायला भरपूर जागा होती. संपादनात स्टॅबिलायझेशन लावून मध्यम फ्रेमचे शॉट वापरण्याजोगे झाले. अगदी जवळचे मात्र सुटले नाहीत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या शटरमध्ये फ्रेम हलत असतानाची जी अस्पष्टता चित्रात उतरते, ती नंतर फ्रेम स्थिर केली तरी तशीच राहते. उलट जास्त विचित्र दिसते, कारण फ्रेम शांत आणि चेहरा मात्र क्षणोक्षणी धूसर-स्पष्ट होत राहतो.

दुसऱ्या प्रयोगातही एक उणीव राहिली. जलद पॅन अचानक थांबवल्यावर फ्रेम किंचित मागे येते. ती जमिनीमुळे नव्हती. उंचीसाठी पायांचे सगळ्यात खालचे, बारीक भाग पूर्ण बाहेर काढावे लागले होते आणि पायांना मध्ये बांधून ठेवणारा स्प्रेडर नव्हता, त्यामुळे थांबताना पायांना पीळ बसून सुटत होता. संस्थेचा पुढचा प्रयोग याच सभागृहात आहे. त्यासाठी ट्रायपॉड बदलायचा ठरलं आहे: जाड पायांचा, मध्ये स्प्रेडर असलेला आणि १०० मिमी बाउलचा (हेड बसवायच्या वाटीचा). खळग्याची मांडणी तशीच राहील, आणि लेव्हल बांधणाऱ्यांना कॅमेऱ्याची जागा या वेळी आधीच कळवली आहे.